पाकिटातल्या नऊ गोळ्या

सोमवार, संध्याकाळ

उचगावातल्या सुरेखाची पाळी चुकलीय. धाकटं अजून अंगावर पितंय. तिनं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं जुनं पाकीट दाखवलं, तर मधल्या नऊ गोळ्या तशाच.

"विसरलीस व्हय गं?"

"न्हाय ओ ताई, नवरात्राचा उपास हुता की! गोळी कशी चालंल?"

इतकी वर्षं आशा सेविका म्हणून घरोघर सांगतेय, मळमळलं तर काय, विसरली तर काय. उपासाचं विचारायचं सुचलंच कसं नाही? त्या नऊ गोळ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. उद्या सुरेखाला तपासणीला नेणार. मग प्रत्येक घरात पहिला प्रश्न उपासाचाच, सासू समोर बसलेली असली तरी.

पण सांगू कोणत्या तोंडानं? माझी बीपीची गोळीही ते नऊ दिवस डब्यातच होती. आजची घेतली. उद्या मंगळवार, अंगारकी संकष्टी. सकाळीच घेणार, चंद्राची वाट न बघता.