जे पाहिलं तेच सांगितलं

अमरावती, आश्विन वद्य ८
सकाळी नांदगावच्या वाटेनं फिरणं. डोक्यात मी लिहितोय त्या पुस्तकातलं सत्यावरचं प्रकरण. वाटेत सोनाजीचं शेत. त्याची बायको गंगाबाई बोंडं फुटलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीवर लोट्यातून काही शिंपडत होती. हाक मारली नाही, मनातलं वाक्य निसटलं असतं. घरी येऊन उतरवलं: पाहिलेलं जसंच्या तसं सांगणं, माणूस बघून न बदलणं, हे सत्य. बरं जमलंय.

आ. व. १२
वाईट दिवस. अमेरिकेतल्या लढाईपायी कापसाला असा भाव आलाय की जो तो घाईत आणि जो तो संशयात. वजन वाढवायला कापूस भिजवतात ही ओरड रोजचीच. आज बाजारात सोनाजीची गाडी अडवली, कापूस ओलसर. तो म्हणे पहाटेचा वेचा आहे, दव आहे. पंच बसले. मी त्या वाटेनं जातो हे कुणीतरी सांगितलं. शाळेत नीतिशास्त्र शिकवणारा माणूस, याहून चांगली साक्ष कुणाची, म्हणून मलाच बोलावलं.
सांगितलं. गंगाबाईला कापसावर पाणी शिंपडताना पाहिलं.
सोनाजी नुसता बघत राहिला. गाडी परत गेली. मला जेवण गेलं नाही. पण खरं तेच बोललो.

कार्तिक शु. २, भाऊबीज
सकाळपासून धुतलेला अंगरखा घालून बसलो. माझ्या बायकोच्या, जानकीच्या शेवटच्या दुखण्यात गंगाबाईनं तीन आठवडे सगळं केलं, तोंडात पाणीही तिनंच घातलं. आमच्या जातीतल्या लोकांनी तेव्हा नावं ठेवली होती. जानकी गेल्यापासून दर वर्षी येऊन ओवाळते, दादा म्हणते. मला दुसरी बहीण नाही.
आली नाही. अंगरखा काढून ठेवला.

मार्गशीर्ष व. ४
बाजारात तिला पाणीवाली म्हणतात. शेजारच्या बाया तिला कापसाच्या वेच्याला हाक मारत नाहीत. मी त्या गल्लीनं जात नाही.
शाळाखात्याच्या साहेबाचा हुकूम आला. अकोल्याच्या शाळेवर मुख्य शिक्षक. ओळखीच्या माणसाविरुद्धही सत्य बोलणारा शिक्षक, असं त्यात लिहिलंय. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे. साखर वाटायला घरात कुणी नाही.

अकोला, आषाढ शु. ६
शहरात व्याख्यान, विषय सत्य. गर्दी. अमरावतीच्या साक्षीचा दाखला मीच दिला, नावं गाळून. टाळ्या. घरी येऊन पुस्तकाचं पान उघडलं आणि मिटलं.

अकोला, आश्विन शु. १२

घरमालकीण सखुबाई काल म्हणाली, उद्या आमचं सीतादही, शेतात जेवायला या. कसली पूजा म्हणून गेलो. वेचा सुरू करण्याआधी बायांनी सीतामाईला दहीभात दाखवला, आणि सखुबाईनं लोट्यातलं दही पाण्यात कालवून पऱ्हाटीवर शिंपडलं. तसंच. हात तसाच, लोटा तसाच. मी विचारलं, हे सगळीकडे करतात? ती हसली. म्हणाली, "वऱ्हाडात राहून सीतादही नाई पायलं तुमी?"
नव्हतं पाहिलं. पाहिलं होतं.
मी लोटा पाहिला होता. पाणी कुठं पाहिलं? पाणी माझं होतं.

अमरावती, आ. व. १०
दिवाळीच्या सुटीला लागून दोन दिवस जादा मागितले. काल पोचलो. आधी बाजारात, पंचांकडे. माझी साक्ष चुकीची होती, लिहून घ्या म्हटलं. एकाला आठवेना. दुसरा म्हणाला, आता काय त्याचं गुरुजी, सोडा. ज्याला आठवेना त्यालाही पाणीवाली कोण ते मात्र ठाऊक होतं.
मग सोनाजीकडे. अंगणात खाट टाकून दिली, बसा म्हणाला. सगळं सांगितलं. विचारलं, तेव्हाच का नाही बोललास, सीतादही होतं म्हणून? तो तंबाखू मळू लागला.
"चार लोकांत तुमाले खोटं पाडू कसं, मास्तर? तुमी तिचे भाऊ." मग म्हणाला, "तुमी खोटं नाई बोल्ले. पण आमाले इचारलं काहून नाई?"
गंगाबाई घरातून बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाज येत होता.
पुस्तकातलं ते वाक्य खोडलं. खाली काय लिहावं सुचत नाही. आयुष्यभर सत्यावर बोललो आणि दहा पावलं चालून हाक मारली नाही.

आ. व. १३
सोनाजी म्हणाला होता आज सीतादही. उजाडता शेतावर गेलो. गंगाबाई एकटीच होती, बाकी बाया नाहीत. वाळलीय. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा राहिलो. तिनं पूजा पुरती केली, दहीपाणी शिंपडलं, मग लोटा घेऊन सरळ माझ्यापुढे आली.
"घ्या. चाखून पाहा."
ओंजळ पुढे केली. आंबट, गार. चाखलं. रडू आवरलं नाही. तीही तोंड फिरवून उभी होती. थोड्या वेळानं लोटा पालथा करून ती वेच्याला लागली. मी धुऱ्यावर बसून राहिलो, ऊन चढेपर्यंत. तिनं जा म्हटलं नाही.
भाऊबीज चार दिवसांवर. येशील का, एवढंच विचारायचं होतं. गावापर्यंत चालत आलो तेव्हा लक्षात आलं, विचारलं नाही.