अंगठ्यापुढचं एक बोट

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट हातात घेताच आधी मागचा पत्ता बघितला असशील. हो, बदललाय. फुलवाल्याची गाडी चालवणं सोडलं. रागवायचं ते शेवटी रागव, आधी पुढे वाच.

सध्या मी एका जुन्या गोदामात कामाला आहे. आत माल नाही, भिंत आहे. चार मजली उंच, अंगभर रंगीत गाठी ठोकलेल्या. लोक कमरेला दोर बांधून त्या गाठी धरत वर चढतात. वर काय, तर एक घंटा. ती वाजवायची नि खाली यायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, या लोकांच्या घरी जिने नाहीत की काय! मी गाद्या झाडतो आणि भाड्याचे बूट पुसून फळीवर लावतो. बुटांच्या दुकानातून पळालो नि बुटांतच येऊन पडलो, हस आता पोटभर.

पण गर्दी सरली की मीही चढतो. ताई, वर असताना माझं डोकं कुठेही भटकत नाही. पुढची गाठ, बास. हे माझ्या बाबतीत आजवर कधी झालं होतं का? आत्तासुद्धा खिडकीत एक मांजर बसलंय, त्याचा एक कान दुमडलेला आहे आणि... असो.

मुद्दा असा. भिंतीचे मालक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, ते म्हणाले की एकवीस तारखेला चढून दाखव, जमलं तर शिकवणाऱ्यांत घेतो. तीनदा संधी. मात्र बूट स्वतःचे हवेत. दुकानात माझ्या ऐपतीतले दोनच जोड आहेत. एक लालभडक, पोपटाच्या चोचीसारखा वाकलेला. दुसरा सपाट, मातकट, शाळेतल्या बाकासारखा. कोणता घेऊ? बाबांच्या जागी तू बसतेस, तुझ्याइतके पाय कोणी पाहिलेत? माझ्या पायांची रेघ काढून सोबत पाठवतोय.

लोभ आहेच, तो या पत्त्यावरही येऊ दे.
तुझा,
भिंगरी

ता. ७ फेब्रुवारी

चि. भिंगरी यास,
अनेक आशीर्वाद.

पत्ता वहीत लिहून घेतला. पेन्सिलीनेच. दोन वर्षांत सात पत्ते, खोडून खोडून त्या पानाला भोक पडायची वेळ आली आहे.

रेघ तू बसून काढलीस. बाबा असते तर कागद उलट टपाली परत आला असता. बसलेला पाय खोटं बोलतो. संध्याकाळी, पाय दमलेला असताना, उभं राहून सगळा भार देऊन काढ. आणि बाबांचा नियम विसरू नकोस, अंगठ्यापुढे एक बोट जागा. जोड सपाटच घे. पाळण्यातून उठून थेट घोड्यावर बसू नये.

तुझा लाकडी साचा अजून फळीवर आहे. पाय वाढेल तसा बाबा दरवर्षी त्यावर कातड्याचा एक पापुद्रा चिकटवायचे. तू गेलास, मागोमाग ते गेले, आणि साचा अठराव्या वर्षावरच थांबला. पुसताना रोज हातात येतो, म्हणून सांगितलं.

जेवणखाण वेळेवर कर. उत्तर धाड, आणि याच पत्त्यावरून धाड.
तुझी,
ताई

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधीच कान धरतो. चोचवाला घेतला.

झालं असं, की दुकानात मी ऐटीत म्हणालो, अंगठ्यापुढे एक बोट जागा हवी. सगळं दुकान हसलं. फुगलेल्या दंडांचा एक गडी म्हणाला की एवढ्या जागेत बिऱ्हाड थाटणार का, बूट दुखला नाही तर चढतच नाही. मला बाबांच्या नियमाची लाज वाटली, ताई. त्या लाजेपायी दोन नंबर लहान जोड घेतला, वर तो घालूनच बाहेर पडलो. रस्त्यात एक माणूस पाठीवर भलाथोरला आरसा घेऊन चालला होता, आरशात सगळा रस्ता उलटा पळत होता! त्याच्यामागे अर्धं गाव फिरलो. तळ घासले, आता दुकानदार परत घेत नाही.

बोटं जांभळी झालीत. तिसऱ्या गाठीवरून पडतो. सोमवारी एक ट्रकवाला समुद्राकडे निघालाय, सोबतीला चल म्हणतो. जावं म्हणतो. भिंगरीने भिंतीवर चिकटून राहायचं, हेच मुळात चुकलं. बूट याच पार्सलात आहेत, कोणा पोराला झाले तर दे. उभ्याने काढलेली रेघही ठेवलीय, निदान तेवढं तरी तुझं ऐकलं.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.
भिंगरी

ता. १६ फेब्रुवारी

चि. भिंगरी यास,
आशीर्वाद, आणि एक धपाटा.

बूट परत पाठवते आहे. समुद्र कुठे पळून जात नाही.

एक बूट उसवून पाहिला. टाचेमागे रबराचा पट्टा आहे, तोच सगळा बूट पुढे खेचून चोच काढतो. तो सैल केला, चोच बसली. घासलेल्या तळांना नवं रबर लावलं. मग तुझा साचा खाली काढला, नव्या रेघेवर ठेवला आणि राहिलेल्या दोन वर्षांचे दोन पापुद्रे चिकटवले. वाफ देऊन बूट दोन दिवस त्यावर ताणून ठेवले.

पुढे जागा ठेवली नाही. अंगठा टोकाला टेकेल, पण मुडपणार नाही. कातडं कापायची रापी हातात धरून बराच वेळ बसले होते, बाबांचा नियम कधी मोडला नव्हता. मग आठवलं, बाबा आधी गिऱ्हाइकाला विचारायचे की या पायाने काम काय करता, आणि मग बोट ठेवायचे. चालणाऱ्याला बोटभर जागा लागते. तू तर टोकावर उभा राहणार, जागा असली तर पाय आत घसरेल. आपण दोघांनी बोट लक्षात ठेवलं नि प्रश्न विसरलो. तेव्हा नियमाची लाज नको, आणि त्या दंडवाल्याचं ऐकूही नको.

घालून रस्त्यावर फिरलास तर बघ.
ताई

ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि., आणि तुझ्या हातांना वेगळा नमस्कार.

काल उस्तादांसमोर चढलो. पहिल्यांदा छपरात एक कबुतर दिसलं आणि पडलो. माझीच चूक, कबुतर मात्र देखणं होतं. दुसऱ्यांदा घंटा हातभर राहिली. तिसऱ्यांदा एक दाण्याएवढी गाठ आली, तिच्यावर भाड्याच्या बुटात माझा पाय कधी टिकला नव्हता. या वेळी अंगठा ठेवला आणि तो राहिला. नंतरचं फक्त एवढं आठवतं, की घंटेचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक आहे.

उस्तादांनी शाबासकी द्यायच्या आधी माझा बूट काढायला लावला. उलटापालटा करून विचारलं, हे कोणी केलं. म्हटलं, आमच्या ताईने, बाबांच्या दुकानात. सोबतच्या पोत्यात इथल्यांचे सहा जोड आहेत, सगळ्यांचे तळ गेलेत. त्यांत एक त्या दंडवाल्याचा आहे. पायाने काम काय करता, ते प्रत्येकाला विचारून चिठ्ठ्या घातल्यात.

ट्रक सोमवारीच गेला. मी दाराशी उभा राहून हात केला, मग आत येऊन गाद्या झाडल्या. एक तारखेपासून लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे.

साच्याचा पुढचा पापुद्रा मी स्वतः येऊन चिकटवीन. लोभ आहेच, तो कुठे सैल होऊ देऊ नकोस. आणि हो, पाकिटामागचा पत्ता तोच आहे. वहीत आता शाईने लिहिलास तरी चालेल.

तुझा,
भिंगरी