तीन डिस्क, दोन म्हातारे

रान्नी,
४ फेब्रुवारी २००८

प्रिय इच्चाया,

सोसम्माचा नमस्कार. देवाच्या कृपेने मी बरी आहे. तुम्ही, वहिनी आणि मुलंही खुशाल असाल. मिरी काढून झाली, यंदा दाणा चांगला भरलाय. अप्पच्चनची खुर्ची ओसरीतच आहे, कुत्रं अजून तिच्याखालीच झोपतं.

तुम्ही फोनवर सांगितलेलं काम केलं. अप्पच्चनच्या अंत्यविधीच्या व्हिडिओच्या डिस्क तयार झाल्या. "क्वालिटी जाता कामा नये, इथे अमेरिकेत सगळे बघणार आहेत," असं बजावलं होतंत, म्हणून मी स्वतः सुगुणनच्या स्टुडिओत जाऊन बसले. तो म्हणाला, "चेची, तीन तासांचं आहे. दाबून एकाच डिस्कवर बसवतो. कोण एवढं निरखून बघतंय?" दाबलं की काय होतं ते दाखव म्हटलं. अय्यो! चित्राचे चौकोन चौकोन, चेहऱ्यांची नुसती पेज. कोण म्हातारा कुठला, काही कळेना. मी म्हटलं, "बाबा रे, तासाला एक डिस्क कर. अजिबात दाबू नकोस आणि यंत्र सावकाश चालव." कुरकुरला, पण केलं. तीन डिस्कचा एक संच झाला. अन्नम्मा आत्या, धाकटे काका, तुम्ही दिलेल्या तिथल्या सगळ्या पत्त्यांवर एकेक संच काल कुरियरने गेला.

दुसरं काम मात्र केलं नाही. शवागारातला भाग कापून टाक म्हणाला होतात. तो ठेवलाय.

कापणार होते, खरंच सांगते. चूक कुणाचीही होते. तुम्ही येईपर्यंत आम्ही अप्पच्चनना आठवडाभर तिथल्या थंडीत ठेवलं होतं. तुम्ही विमानतळावरून थेट आलात, सोबत कॅमेरावाला. अकरा वर्षांनी बाप बघत होतात. तिथल्या माणसाने खण ओढला, आणि तो नंबर वाचायच्या आत तुम्ही "माझे अप्पच्चा!" म्हणत मिठी मारलीत. मी तुमचा दंड धरला. "इच्चाया, हे अप्पच्चन नव्हेत." तुम्ही खेकसलात, "तू गप्प बस! मला माझा बाप ओळखता येत नाही?" आवाज लख्ख आलाय. मग बरोबर खण उघडला, तेव्हा तुम्ही आधी अप्पच्चनकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघितलंत. "हे पुन्हा घे," म्हणालात त्याला. तेही आलंय.

एवढंही मी गिळलं असतं. पण गेल्या आठवड्यात अन्नम्मा आत्याचा फोन आला. रडतच होती. "सोसा, तुझा भाऊ कुरुविळा म्हणतो, तू माझ्या दादाला उपाशी ठेवलंस. इतका वाळला होता की पोटच्या पोराला ओळखू आला नाही. खरं का गं?" तिथे तुमच्या घरी चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर तुम्ही हे सगळ्यांपुढे मांडणार, आणि मला या घरातून काढायला त्यांचा होकार घेणार, हेही तिनेच सांगितलं.

वा इच्चाया, वा! बाप तुम्हाला ओळखता आला नाही आणि त्याचं पाप माझ्या पदरात? नऊ वर्षं मी त्यांना भरवलं, कुशीवर वळवलं, त्यांचं सगळं केलं. तेव्हा तुमचा फोन यायचा तो नाताळला. घराचं सोडा, मी अप्पच्चनना उपाशी मारलं असं लोकांनी म्हणायचं, हे मी मेले तरी सहन करणार नाही.

म्हणून मला चेहरे स्वच्छ हवे होते. एका डिस्कवर कोंबलं असतं तर दोन्ही म्हातारे सारखेच दिसले असते आणि तुमची थाप पचली असती. आता आत्या बघेल. पहिल्या खणातला माणूस टकला, गाल बसलेला, नुसता सापळा. दुसऱ्यात तिचा भाऊ. डोकंभर पांढरे केस, मी केलेली दाढी, भरलेले गाल, हनुवटीवर लहानपणची खोक. चाळिसाव्याला तुमच्याच दिवाणखान्यात, तुमच्याच भल्यामोठ्या टीव्हीवर सगळे बघतील. हे पत्र मी मुद्दाम साध्या टपालाने टाकतेय. ते तुमच्या हातात पडेपर्यंत सगळं उरकलेलं असेल.

पहिली डिस्क आणखी एका घरी दिली. त्या पहिल्या म्हाताऱ्याचं नाव भार्गवन, नदीपलीकडचे. मुलगा कुवेतला, त्याला रजाच मिळाली नाही. त्यांच्या बायकोने तुमचा तो तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. म्हणाली, "कुणाचा का असेना, एक मुलगा यांच्या अंगावर पडून रडला." तुमचं नाव विचारून घेतलं. दिवा लावताना ती रोज तुमचं भलं मागते. मला आधी हसू आलं, मग तिथेच बसून रडले.

ते रडणं त्यांचं झालं. अप्पच्चनच्या वाट्याचं अजून यायचंय. आणायचं असेल तर एकटे या, कॅमेरा नको. मी याच घरात आहे आणि इथेच राहणार. कबरीपाशी मी घेऊन जाईन. तुमच्या ओळखीवर सोडलं तर पुन्हा दुसऱ्याच्याच बापापुढे गुडघे टेकाल.

अप्पच्चनचे डोळे मिटवणारी
तुमची बहीण,
सोसम्मा