परातीतला गालील समुद्र

पप्पा, गेल्या रविवारी मी तो मातीचा देश केला. तुम्ही दर मे महिन्यात शाळेच्या मागच्या पटांगणात करायचात तोच, पण निम्म्या मापाचा, कारण माझ्या घरामागे तेवढीच जागा आहे. इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात, माती लाल आणि चिकट. नगरच्या काळ्या मातीसारखी हातात मोकळी होत नाही, पण बांध घातला की धरून राहते. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना महिन्यातून दोनदा भरते. मुलांना पवित्र भूमीचा इतिहास कोणीतरी शिकवावा असं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुमची मुलगी म्हणून नव्हे. तुम्ही कोण होतात हे इथे कोणालाच माहीत नव्हतं. मी एका औषध कंपनीत लोकांनी भरलेले कागद तपासते, चूक सापडली की शेरा मारून परत पाठवते, आणि त्यामुळे माझ्याकडे दिलेलं काम नीट होतं असा माझा लौकिक आहे. तुम्हाला जाऊन छत्तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावंसं वाटलं नाही, आणि आज लिहितेय तेही आठवण दाटून आली म्हणून नाही. एक खुलासा राहून गेलाय.

तुमचा देश वीस पावलं लांब असायचा. आईची पितळेची मोठी परात काठापर्यंत जमिनीत पुरली की झाला गालील समुद्र. तिथून खाली चर खणून यार्देन नदी, आणि शेवटी पत्र्याच्या टबात मृत समुद्र. त्यात मीठ हवंच, असा तुमचा हट्ट. तुम्ही चिखलाच्या हातांनी स्वयंपाकघरात शिरता, खडेमिठाच्या बरणीत हात घालता आणि आई तव्यावरून नजर न काढता म्हणते, "अहो, समुद्र खारट करा नाहीतर गोड, पण माझ्या बरणीत ओला हात नको." तुम्ही हसता आणि दुसरी मूठ घेता. मग पँट गुडघ्यांपर्यंत दुमडून, हातात बांबूची काठी घेऊन तुम्ही आम्हा पोरांना देश चालवायचात. दानापासून बैर-शेब्यापर्यंत, म्हणजे उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, नगरहून मुंबई, बस्स, एवढाच देश. नासरेथहून यरुशलेम म्हणजे नगरहून पुणे, पण पायी आणि गाढवावर ओझं लादून. बेथलेहेम यरुशलेमपासून किती, तर भिंगारच्या थोडं पुढे. हे सगळं तुम्ही बायबलच्या मागच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून काढलेलं होतं. मी परवा कॉम्प्युटरवर तपासलं. थोडंफार इकडेतिकडे, पण शेरा मारावा असं काही सापडलं नाही.

मी आठ वर्षांची असताना एकदा चप्पल घालून देशात शिरले तर तुम्ही केवढ्यांदा ओरडलात. "चपला बाहेर! पवित्र भूमी आहे ही. यरीहोजवळ यहोशवालाही काढाव्या लागल्या, तू कोण लागून गेलीस?" सगळी मुलं हसली. मला रडू आलं, पण आवडलंही, कारण तेव्हापासून ती माती खरी वाटायला लागली.

तुमचा इतिहास अब्राहामापासून सुरू व्हायचा. कनान, मिसरातून सुटका, दाविदाचं राज्य, शलमोनाचं मंदिर, राज्याची फाळणी, बाबेलला धरून नेलेले लोक, सत्तर वर्षांनी परतलेले लोक, मग ग्रीक, मग रोमी, मग प्रभू येशू. शेवटी तुम्ही काठी टेकून उभे राहायचात आणि आवाज खाली आणायचात. "रोमी लोकांनी मंदिर जाळलं. यहूदी देशोधडीला लागले. आणि देश ओस पडला, आपल्या माणसांची वाट बघत राहिला." तिथे प्रार्थना, मग सगळ्यांना सरबत. लहानपणी मला त्या वाक्याने गलबलून यायचं. वीस वर्षांची झाले तोवर मी पुण्याला इतिहास घेऊन बी. ए. करत होते आणि गलबलून येणं बंद झालं होतं.

त्या मे महिन्यात मी सुट्टीला आले होते. चाळीसेक मुलं, कडेने खुर्च्या टाकून बसलेली मोठी माणसं. तुम्ही त्या वाक्यापाशी आलात आणि मी उभी राहिले. "पप्पा, ओस कसा पडेल? तिथे लोक होते की." तुम्ही म्हणालात, "असतील. मला ठाऊक आहे ते एवढंच." तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी विचारलं, "तुम्ही कधी गेलात तरी का तिथे?" चाळीस मुलांनी तुमच्याकडे पाहिलं. ज्यांना तुम्ही रस्तान् रस्ता तोंडपाठ करवला होता, त्या मुलांनी. तुम्ही म्हणालात, "नाही गं," आणि काठी माझ्यापुढे धरलीत. "तू सांग."

मी सांगितलं. सगळे यहूदी गेलेच नव्हते, गालीलात त्यांची गावं शेकडो वर्षं नांदती होती. ख्रिस्ती राजांनी चर्चं बांधली. अरब आले, आणि तिथेच शेती करणारे पुष्कळ लोक हळूहळू त्यांची भाषा बोलू लागले, काही त्यांच्या धर्मात गेले, काही ख्रिस्तीच राहिले. क्रूसाच्या नावाने लढाया झाल्या, चारशे वर्षं तुर्कांनी राज्य केलं, मग इंग्रज. देश एक दिवसही रिकामा नव्हता. हे सगळं मी देशाच्या मधोमध उभी राहून सांगितलं, पायांत पुण्याहून घेतलेल्या टाचांच्या चपला. माझ्या टाचेने यार्देनचा काठ फुटला आणि पाणी शेजारच्या शोमरोन प्रांतभर पसरलं. तुम्ही उकिडवे बसून, माझं बोलणं ऐकत, ओंजळीने माती दाबत राहिलात. चपलांबद्दल काही बोलला नाहीत. पुढच्या मे महिन्यात तुम्ही देश केला नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही, आणि मग तुम्ही गेलात. मी बरोबर होते, पप्पा. ते मी आजही मागे घेत नाही. पण "कधी गेलात तरी का" हा काही इतिहास नव्हता. त्या प्रश्नाची मला लाज वाटते. मी स्वतःही अजून गेलेले नाही. एकदा चर्चची ट्रिप ठरली होती. तिकडे लढाई पेटली आणि आम्ही ट्रिप कॅन्सल केली.

तर गेला रविवार. अकरा मुलं होती, त्यांना मी एकेक काळ वाटून दिला. एक बाबेल, एक पारस, एक रोम, एक अरब, एक तुर्क. दहा वर्षांच्या एका मुलीला सांगितलं, तू जैतुनाची झाडं लावणारी, राजे बदलतील पण तू इथेच राहायचंस. एका मुलाला यहूदी केलं. तो बाबेलला गेला, परत आला, रोमने हाकलल्यावर पार कुंपणापाशी जाऊन उभा राहिला आणि तिथून दर पाच मिनिटांनी ओरडत होता, "कॅन आय कम बॅक नाऊ?" इंग्रज आले नि गेले तेव्हा मी त्याला ये म्हटलं. तो धावत आला आणि यरुशलेमवर उभा राहिला. माझं यरुशलेम म्हणजे एक उपडी वाटी, माती लिंपलेली. तिथे ती मुलगी आधीच उभी होती. "आय वॉज हिअर फर्स्ट," तो म्हणाला. "बट आय नेव्हर लेफ्ट," ती म्हणाली. हे इतकं सोपं नाही, हे मला माहीत आहे. त्याच्यातले काही कधी गेले नव्हते, तिच्यातले काही मागाहून आले होते. पण ती दोघं माझ्याकडे पाहत होती, एकेक पाय वाटीवर ठेवून. "मावशी, सो हू गेट्स इट?" मी म्हटलं, मला माहीत नाही. "बट यू आर द टीचर!" मी त्यांना ज्यूस प्यायला पाठवलं. मुलाचे वडील नंतर म्हणाले, "ताई, मस्त झालं हं. फक्त नेक्स्ट टाइम पॉलिटिक्स नको यार, ही मुलं घरी येऊन क्वेश्चन्स विचारत बसतात."

आणि मग खुर्चीतून एक म्हातारं हसू ऐकू आलं. आपल्या मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या एक आजी, आमच्या प्रार्थनेला पहिल्यांदाच आल्या होत्या. "सलाम, बाळ. हा देश मी ओळखते. तू सरांची ना?" पप्पा, त्या आपल्या शाळेतल्या शिवणाच्या बाई. ऐंशीला टेकल्यात, पण दृष्टी अजून सुईत दोरा ओवेल अशी. मी एवढी गडबडले की त्यांना बसू द्यायचं सोडून उभं राहायला हात दिला. त्या म्हणाल्या, "माझी बदली झाली नि मग ऐकलं की सरांनी देश करणं सोडलं. का गं सोडलं?"

मी म्हटलं, "गुडघे दुखायचे त्यांचे." इतकं सहज खोटं मी ऑफिसात कुणाचं चालवून घेतलं नसतं.

"अस्सं?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं तुझ्या हाती सोपवला म्हणून. सरांचं पत्र आलं होतं ना मला. लिहिलं होतं, या वर्षी देश लेकीने शिकवला. मला येत नव्हतं तेवढं तिला येतं. चारचौघांत बापाला चूक सांगायला छाती लागते, ती देवाने तिला दिलीय." त्यांनी माझा मातीचा हात दोन्ही हातांत धरला. "किती खूश होते गं."

चार दिवस झाले. मला हलकं वाटायला हवं होतं. तुम्ही दुखावला नव्हतात, किंवा दुखावलात तरी त्यापलीकडे जाऊन माझं कौतुक केलंत. कुणीही म्हणेल, मिटलं. पण मला राहून राहून राग येतोय, आणि तो तुमच्यावर नाही. जवळजवळ चाळीस वर्षं मी मनाशी एकच धरून बसले होते, की शब्द कडू असतील पण मी जे बोलले ते खऱ्यासाठी बोलले. तुम्हीही तेच धरून गेलात, आणि बाईंना कळवून गेलात.

बाई पुढच्या महिन्यात नगरला परत जातायत. हे पत्र त्यांच्याकडे दिलं तर त्या नेऊन तुमच्या कबरीवर ठेवतील. पण आधी उघडून वाचतील, त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून देणार नाही. पत्र या टेबलाच्या खणातच राहील.

पप्पा, त्या दिवशी कडेच्या खुर्च्यांत पुण्याहून आलेला एक तरुण बसला होता, पाळक व्हायला शिकणारा. पांढरा शर्ट. सकाळी चर्चमध्ये तो माझ्याशी दोन वाक्यं बोलला होता. त्याने माझ्याकडे पाहावं म्हणून मी उठले. देश ओस होता की भरलेला, याच्याशी मला त्या क्षणी काही देणंघेणं नव्हतं. आणि तुमच्या हातून काठी घेऊन मी वळून पाहिलं, तर त्याची खुर्ची रिकामी होती. तो केव्हाच उठून चहाला गेला होता.