जुन्या बांधाला सूट नाही

३ मार्च
बांध जुना निघाला! म्हणून सूट नाही!
माती अडवणाऱ्यांना शेतसाऱ्यात सूट, असं जिकडेतिकडे छापलंय. म्हणून आज कचेरीत गेले. बाबांनी घातलेला दगडी बांध, दर उन्हाळ्यात मी त्याचे निखळलेले दगड बसवते — सगळं सांगितलं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, “ताई, सूट नव्या कामाला. लोकांनी सुरुवात करावी म्हणून. तुम्ही तर करताच आहात, तुम्हाला वेगळं काय उत्तेजन द्यायचं?”
म्हणजे आधीपासून शहाण्यासारखी वागले, हाच माझा गुन्हा!

४ मार्च
डोकं अजून तापलेलंच. भाजी करपली.

११ मार्च
सकाळी वरच्या अंगाला धडधड. बाबांनी उतार आम्हा दोघांत वाटला — वरचा भावाला, खालचा मला. बघते तर भावाने मशीन बोलावलंय आणि स्वतःचा बांध फोडतोय!
“हे काय चालवलंयस?”
“ताई, फोडायचा नि नव्याने घालायचा. सारा माफ! तूही फोडून घे, मशीन आलंच आहे.”
“बाबांनी घातलेला बांध! लाज नाही वाटत?”
“नियम त्यांनी केला, लाज मी कशाला वाटून घेऊ?”
मशीनवाला इंजिन बंद करून खाली उतरला, पाणी पीत बसला. आमचं भांडण कधी संपतंय म्हणून. शेवटी मीच निघून आले. पाठीमागे पुन्हा धडधड.

१९ मार्च
भावाचा बांध फोडला तसाच पडलाय. मशीन दुसऱ्यांकडे गेलं — सगळ्यांनाच आपापले बांध फोडून हवेत! हे म्हणे माती वाचवणं!

२३ मार्च
दुपारी अवकाळी पाऊस. नुसता धिंगाणा. भावाच्या शेतातून गढूळ लोंढे खाली येत होते. माझा बांध जागचा हलला नाही.
उघडीप झाल्यावर गेले. त्याच्याकडे उघडा मुरूम. वरची सगळी काळी माती माझ्या शेतात उतरून बांधाशी साचलेली — पाय घोट्यापर्यंत रुतला. वहिनी वर उभी होती. बरी अद्दल घडली, असं म्हणत घरी आले. मोठ्याने म्हणत.

२४ मार्च
भाऊ ट्रॉली घेऊन आला. “ताई, माती नेतो.”
मी फाटक उघडलं नाही.