घटाच्या आधी धुतलेली माशांची पेटी

अंकुशनगर,
१४ नोव्हेंबर १९९८

प्रिय बेबीनंदा,

तुला नि बाळीला लई आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नको, तुझ्या नवऱ्याचं न्हाई, सासूचंच आहे. सातवीपर्यंत शिकले ते कधी तरी कामी यावं. मच्छिंद्र कारखान्यात पाळीवर गेलाय. तुझे ते बारके मासे कशानं मेले, हे तुला खरं खरं सांगायचंय. तो घरात असताना लिहायची छाती झाली न्हाई.

तू सातव्या महिन्यात बाळंतपणाला वाटूरला गेलीस तेव्हा माशांच्या काचेच्या पेटीवर कागद चिटकवून गेल्तीस. दाणा चिमूटभर, आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, तेही एक दिवस बादलीत ठेवलेलं. मी मनात म्हणले, जावयापेक्षा यांचे नखरे जास्त. पर चार दिवसांत चहाची कपबशी घेऊन मी तिथंच बसायला लागले. बोटाच्या पेराएवढे बारा जीव, अंगावर निळी रेघ, शेपटीकडं लाल. एक वळला की बाराच्या बारा वळायचे. शेजारची सोनूबाई काचेवर टकटक करायची, तिला मीच दटावलं.

मंग घट बसायचे दिवस आले. त्याच्या आधी आपल्या घरातली एक वस्तू धुतल्याबिगर राहत न्हाई, तुला माहीतच आहे. गोधड्या झाल्या, डबे झाले, देव झाले. पेटीकडं बघितलं तर आतल्या दगडांवर तांबूस चिकटा. सगळं घर लख्ख नि हे तेवढं घाण, मला काही पटंना. मासे पातेल्यात काढले. वाळू धुण्याच्या पावडरीनं चोळली, गाळणीचा स्पंज पिळून पिळून धुतला, सगळं गच्चीवर उन्हात टाकलं. पेटी राखेनं घासली नि नळाचं ताजं पाणी तोंडापर्यंत भरलं. पाण्याला औषधाचा वास येऊन राह्यला होता. मला वाटलं बरंच झालं, जंतू मरतील. पेटी इतकी चमकली की सोनूबाईला बोलावून दाखवली.

दुसऱ्या माळेपर्यंत सात मासे गेले. मच्छिंद्रनं विचारलं, कशानं गेले? माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या बायकोनं जाताना काय करून ठेवलंय कोणाला ठाव." त्यानं तेच तुला कळवलं. तू उलट पत्रात माफी मागितलीस, माझंच काही चुकलं असंल म्हणलीस. ते पत्र त्यानं मला वाचून दाखवलं नि मी मान खाली घालून भाजी निवडत बसले. लाज वाटली गं. पर सासू पडले ना, कबूल कसं करू?

राहिलेले पाच दगडामागं दडून बसायचे. रंग उडालेला, दाण्याला तोंड लावीनात. मला बघवंना. डोळे दाखवायला जाते असं सांगून औरंगाबादची गाडी धरली नि तुझ्या त्या मासेवाल्या गुलाम नबीच्या दुकानात जाऊन सगळं सांगून टाकलं. तो हसला न्हाई. म्हणला, "अम्मा, तो चिकटा घाण नव्हती. त्याच्यामुळंच पाणी साफ राहतं." नळाचं ताजं पाणीही त्यांना सोसत न्हाई म्हणला, नि हे थव्यानं राहणारे जीव, चार-पाच असले की भितात. सात नवे दिले. पाण्याची पिशवी मांडीवर धरून आले. कंडक्टरनं विचारलं काय आहे, म्हणले माझ्या सुनेची माणसं.

आता बारा आहेत नि झ्याक आहेत. पहिल्या दिवशी नवे एका कोपऱ्यात नि जुने एका कोपऱ्यात. तिसऱ्या दिवशी कोण जुना, कोण नवा, मला वळखू येईना. पाणी मी बादलीत ठेवूनच घालते. मच्छिंद्र हसतो, म्हणतो आई, तू तर मला एवढं कधी सांभाळलं न्हाई. त्याला काय, जे तोंडात येईल ते बोलतो. पर खरंच, दुपारी पेटीपुढं बसलं की बरं वाटतं.

हे सगळं तू आल्यावर हसत हसत सांगितलं असतं. पर काल तुझा भाऊ आल्ता. तो म्हणला, पोरगी जन्मली दोन किलोची, नि तू तिला पाजण्यापुरती घेतीस, मंग जल्दी आईकडं देऊन टाकतीस. आईला म्हणलीस म्हणं, "माझ्या हातात मासे जगले न्हाईत, हे पोर कसं जगंल?" ते ऐकलं नि मला रात्रभर डोळा लागला न्हाई. बेबीनंदा, तुझ्या हातात ते मासे वर्षभर जगले. मारले मी. आज मच्छिंद्र आला की त्यालाही सांगणार आहे. हे पत्र आईला वाचून दाखव, साऱ्या वाटूरला कळलं तरी बिलकुल हरकत न्हाई. नि बाळीला न्हाऊ घालायला बाई येती ना, तिला उद्या नुसतं पाणी तापवू दे. लेकराला पायावर तू घे.

तुझीच,
आत्याबाई