कुरणातल्या काळविटाची तसबीर

मौजे पिंपळखेड, परगणे बाळापूर
पौष वद्य पंचमी, शके १७८६

तीर्थरूप उत्तमदादांच्या पायांशी सुभद्रेचा नमस्कार.

इकडे आई, तानुआत्या, गुरंढोरं सारी खुशाल. आईचा खोकला उतरला आहे. कापूस बहुतेक वेचून झाला. पुंजाराम रोज गाडी भरून रस्त्याला लावतो. अकोल्यास तुमची प्रकृती कशी आहे ते कळवावं.

मुनीमजी, हे पत्र दादांना तुम्हीच वाचून दाखवणार. दादा "पुढं चला, पुढं चला" म्हणतील, तरी मधलं काही गाळू नका.

दादा, तुमचा कागद पोचला. बाबांनी मला चोळीबांगडीसाठी दिलेलं नाल्यापलीकडचं कुरण नांगरून तिथं कापूस लावायला मी राजी आहे, अशी त्यावर माझी निशाणी हवी आहे. त्याचं सांगते. पण आधी तसबीरवाल्या दिनशाजींचं सांगते. त्यांना तुम्हीच इकडे धाडलंत.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना दाखवायला तुमच्या कापसाच्या ढिगाची तसबीर त्यांनी काढली. तसबिरीच्या पेटीमागं काळ्या कापडात त्यांनी डोकं घातलं, तशी तानुआत्या ओरडली, "अवं माय! हा मानूस बुरख्यात शिरून काय पाहून राह्यला?"

"कापूस पाहून राह्यला, आत्याबाई," पुंजाराम म्हणाला. "तुमाले नाई पाहत."

"मले पाह्यचं असन तं आंधी तोंड दाखव म्हना त्याले!"

दिनशाजींना सगळं समजलं असावं. कापडाच्या आतून हसू ऐकू आलं.

जेवताना ते म्हणाले, काही काचा उरल्या आहेत, या गावात आणखी पाहण्यासारखं काय आहे? मी वाढत होते. तोंडातून निघून गेलं, "आमच्या कुरणात काळविटांचा कळप येतो."

ते हसले. "बाई, आमची काच फार आळशी. जो उभा राहील तोच तिच्यावर उमटतो. हरणाला उभं राहा म्हणून कोण सांगणार?"

मी म्हटलं, "माणूस दिसला की ती पळतात. पण कापसाच्या गाडीला ती भीत नाहीत. यंदा दिवसभर गाड्याच पाहतात. मानसुद्धा वर करत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी गाडी रिकामी करून कापसात पेटी बसवली आणि गाडी कुरणात नेऊन उभी केली. बैल जुंपलेले असले की त्यांच्या श्वासानंही गाडी हलते, म्हणून पुंजारामनं ते सोडून बाजूला धरले. काच ओली असेपर्यंतच सगळं उरकावं लागतं. तिच्यासाठी बाभळीआड काळी राहुटी ठोकली होती.

ऊन तापलं आणि कळप आला. दिनशाजींनी पेटीचं झाकण काढलं, लावलं, काच घेऊन राहुटीत पळाले. बाहेर आले ते तोंड पाडून. काचेवर गवत होतं, बाभूळ होती, हरीण एकही नव्हतं. सारी चरत चालत होती ना! दादा, एवढा कळप मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि काचेवर नुसतं रान.

दुसरी काच तयार करायला जाताना पेटीचं झाकण उघडं ठेवून ते म्हणाले, "पेटीपाशी बसा. पाहावंसं वाटलं तर पाहा."

मी ते कापड डोक्यावरून ओढून घेतलं.

आधी काही दिसेना. मग पेटीच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसू लागलं. पिवळं गवत वरती, छताला लोंबावं तसं. खाली आभाळ, विहिरीतल्या पाण्यासारखं खोल. आणि त्या गवताला खुरांनी लटकून हरणं चालत होती. सगळे रंग जसेच्या तसे. नराची पाठ पावसात भिजलेल्या आपल्या मातीसारखी काळी, पोट पांढरं शुभ्र, पीळदार शिंगं खाली आभाळात रुतलेली. आवाज कसला तो नाही. बाबांचं अख्खं कुरण आभाळावर टांगलं होतं आणि त्यातलं कुणीही पडत नव्हतं. मी लहानपणापासून जे पाहत आले ते हेच का, असं झालं. डोळ्यांना धार लागली.

दिनशाजींनी येऊन झाकण लावलं, ओली काच बसवली, तेव्हा तो नर गाडीच्या जवळ आला होता. नाक वर करून त्यानं कापसाचा वास घेतला आणि थबकला. झाकण निघालं. पुंजारामनं बैलाच्या गळ्यातली घंटा मुठीत धरली. मी श्वास रोखला. काळवीट आमच्याकडे पाहत राहिला, अगदी घरच्या धन्यानं दारातल्या पाहुण्याकडे पाहावं तसा. झाकण लागलं, आणि मग कुणी हाकललं नसताना त्यानं आपल्याच आनंदात उंच उडी घेतली.

दादा, अमरावतीला मास्तर वारले आणि मी माहेरी परतले, तेव्हापासून मी कशाकडेही मान वर करून पाहिलं नव्हतं. त्यांनी शिकवलेलं लिहिणं तेवढं हातात राहिलं. तुम्ही पाठवलेल्या दाण्यावर जगते, म्हणून दिवाळीत तुम्ही "हरणाईले पोसून काय भेटते तुले?" असं विचारलंत तेव्हा गप्प बसले. तुमच्या कागदावर निशाणी करायला टाक शाईत बुडवलाही होता.

कुरण मी देत नाही.

मुनीमजी, इथं थांबा. दादांना पाणी द्या.

अमेरिकेतली लढाई आहे तोवरच कापसाला हा भाव, असा भाव पुन्हा यायचा नाही, असं तुम्ही म्हणाल. तसंही असेल. पण रस्त्यानं इतक्या गाड्या जातात, त्यांचे बैल उपाशी असतात आणि गाडीवान पुंजारामला गवत मागतात. नाल्याकडच्या कडेचं गवत कापून मी ते विकीन, बाकीचं हरणांना. पुढच्या महिन्यापासून माझ्या वाट्याचा दाणा पाठवू नका. हे रागानं लिहीत नाही. आईचा तेवढा पाठवा.

सोबत एक जाड कागद आहे. दिनशाजींनी उन्हात धरून त्यावर तसबीर उतरवून दिली. काळवीट उभा आहे. मागं धुरासारखे डाग आहेत ती चालती हरणं. हा कागद मुनीमजींकडे देऊ नका. एकटे बसून पाहा. तो कुणाकडून वाचून घ्यावा लागत नाही.

तुमचा कागद कोराच परत धाडते. बायकांची निशाणी म्हणून बांगडी काढतात, ती त्यावर काढलेली नाही. नाव लिहायचं ते इथं लिहिते.

दस्तुरखुद्द
सुभद्रा